शटडाऊनमधलं घाण पाणी प्लॅटफॉर्मवरच कसं साफ करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर अरबी समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. 'सागर सम्राट' या विहीर खोदणाऱ्या रिगने 1974 मध्ये तिथे तेल शोधलं आणि मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. म्हणजे तिथली काही व्यवस्था आता पन्नाशीच्या घरात आहे, आणि जुन्या व्यवस्थेला वेळोवेळी थांबवून, उघडून, धुऊन पुन्हा चालू करावं लागतं. या थांबवण्यालाच शटडाऊन म्हणतात. त्या धुण्यातून निघणाऱ्या पाण्याबद्दल उरण-पनवेलकडची नव्याने ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर कामाला, जाणारी मुलं, ठेकेदारांकडचे सुपरवायझर आणि कधीकधी नुसते उत्सुक लोकही जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची आहेत. नियमांची तुलना करायची तिथे नॉर्थ सी आणि अमेरिकेचा उल्लेख येईल.

शटडाऊनमध्ये एवढं घाण पाणी येतं कुठून? उत्पादन तर बंद असतं ना?

उत्पादन बंद असतं म्हणूनच येतं. एरवी जे द्रव पाइप आणि वेसलच्या (मोठ्या बंद टाक्यांच्या) आत राहून पुढे जातं, ते या काळात बाहेर काढावं लागतं. सेपरेटरच्या (तेल, गॅस आणि पाणी वेगळं करणाऱ्या वेसलच्या) तळाशी वर्षानुवर्षं साठलेली वाळू आणि गाळ, पाइपलाइन फ्लश केलेलं पाणी, वेसल वाफेने किंवा जेटिंगने (जोराच्या फवाऱ्याने) धुतल्यावरचं पाणी, हीट एक्स्चेंजरचा क्षार काढायला वापरलेलं आम्ल, गॅस सुकवणाऱ्या युनिटमधलं ग्लायकॉल, हायड्रोटेस्टचं, म्हणजे पाइप दाबाखाली तपासायला भरलेलं, रसायन मिसळलेलं पाणी, आणि डेकच्या ड्रेनमध्ये उतरलेलं सगळं काही. शिवाय प्रत्येक फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) खोलला की ट्रेमध्ये जे ठिबकतं, ते निराळंच.

यातला सर्वात मोठा वाटा बहुतेक वेळा धुण्याच्या पाण्याचा असतो. आणि तो आपल्या हातात असतो. जेटिंगवाल्याने होज चालू ठेवून चहाला जायचं, आणि नंतर फिल्टरवाल्याने ते पाणी दोन दिवस गाळत बसायचं, हे अजूनही चालतं. पाणी कमी वापरणं ही सगळ्यात स्वस्त प्रक्रिया आहे, पण तिचं बिल कोणी लावू शकत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी फारसं बोलतही नाही.

प्लॅटफॉर्मवर पाणी साफ करण्याची यंत्रणा असतेच की. तीच का वापरत नाहीत?

ती यंत्रणा प्रोड्यूस्ड वॉटरसाठी बनवलेली असते, म्हणजे तेलाबरोबर जमिनीखालून रोज येणाऱ्या पाण्यासाठी. ते पाणी गरम असतं, एकसारखं असतं, ठरलेल्या दाबाने येतं. हायड्रोसायक्लोनला (पाणी गरगर फिरवून तेल वेगळं करणाऱ्या नळीला) तर दाब लागतोच, कारण आतला भोवरा दाबावरच फिरतो. शटडाऊनमध्ये दाब नाही, उष्णता नाही आणि पाणी दर तासाला वेगळं. सकाळी तेलाचा तवंग, दुपारी गाळाचं काळं पाणी, संध्याकाळी साबणाचा फेस.

दुसरं कारण साधं आहे. बऱ्याचदा दुरुस्तीसाठी तीच यंत्रणा उघडलेली असते.

मग सगळं टाक्यांत भरून सप्लाय बोटीने किनाऱ्यावरच्या न्हावा तळावर का नाही पाठवत?

पाठवतात, आणि काही द्रवांसाठी तोच एकमेव बरोबर मार्ग आहे. पण हिशेब करून पाहा. धरून चालू की 300 घनमीटर पाणी निघालं. ऑफशोअरला वापरतात त्या टोट टँकमध्ये साधारण साडेचार हजार लिटर मावतात. म्हणजे 67 टाक्या. प्रत्येक रिकामी टाकी क्रेनने वर घ्यायची, भरलेली खाली द्यायची, म्हणजे नुसत्या प्लॅटफॉर्मवर 134 लिफ्ट. नंतर न्हाव्याच्या धक्क्यावर पुन्हा तेवढ्याच, मग टँकर, मग रस्ता. शटडाऊनच्या दिवसांत क्रेनला वाटेकरी कमी नसतात. व्हॉल्व्ह, स्कॅफोल्डिंग, जेवणाचं सामान, सगळ्यांनाच ती हवी असते.

याच 300 घनमीटरमध्ये समजा 2 टक्के तेल आणि 1 टक्का गाळ आहे. प्लॅटफॉर्मवरच वेगळं केलं तर किनाऱ्यावर न्यायला उरतात 6 घनमीटर तेल, 3 घनमीटर गाळ आणि वापरलेले फिल्टर. बाकीचं पाणी, जे मुळात पाणीच होतं, 160 किलोमीटर वाहून न्यावं लागत नाही. झुलत्या बोटीवर भरलेली टाकी उतरवणं हे कागदावर दिसतं तितकं निरुपद्रवी काम नाही, त्यामुळे लिफ्ट कमी होणं हा खर्चापेक्षा मोठा फायदा आहे असं मी मानतो.

मात्र पाणी 40-50 घनमीटरच्या आत असेल, किंवा त्यात आम्ल, ग्लायकॉल असं विरघळलेलं काही असेल, तर यंत्रं वर चढवण्याचा खटाटोप करू नका. टाक्या मागवा.

जागेवर प्रक्रिया करायची म्हणजे नेमकी कोणती यंत्रं लागतात?

साधारण क्रम असा. आधी एक-दोन साठवण टाक्या, जिथे पाणी स्थिर होतं, वाळू खाली बसते आणि मोकळं तेल वर येतं. मग जाड गाळणी. त्यानंतर पाण्याच्या स्वभावाप्रमाणे सेंट्रिफ्यूज किंवा हवेच्या, बहुतेकदा नायट्रोजनच्या, बारीक बुडबुड्यांनी तेल वर उचलणारं फ्लोटेशन युनिट. मग कार्ट्रिज फिल्टर. शेवटी शोषून घेणारी माध्यमं, आधी ऑर्गॅनोक्ले आणि मग ॲक्टिव्हेटेड कार्बन.

हा शेवटचा क्रम उलटा करू नका. ऑर्गॅनोक्ले म्हणजे तेलाला जवळ करील अशी प्रक्रिया केलेली बेंटोनाइट माती. ती तेलाचे बारीक थेंब पकडते. कार्बनचं काम विरघळलेले ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, बेंझीन वगैरे, पकडायचं. कार्बनला आधी तेल दाखवलं तर त्याची छिद्रं बुजतात आणि महागडा कार्बन काही तासांत निकामी होतो.

हे सगळं स्किडवर (उचलून नेता येणाऱ्या लोखंडी चौकटीवर) बसवलेलं असतं, ताशी 10 घनमीटर पाणी घेणारं युनिट दोन-तीन कंटेनरच्या जागेत मावतं. 300 घनमीटरला कागदावर 30 तास लागतात. प्रत्यक्षात फिल्टर बदलणं, नमुन्याची वाट पाहणं, परमिट थांबणं धरून तीन-चार दिवस धरा. तीस तासांच्या भरवशावर वेळापत्रक मांडणारे प्लॅनर अजूनही भेटतात.

टाकीत रात्रभर ठेवलं की तेल आपोआप वर येतं. मग यंत्रांची गरजच काय?

मोठे थेंब येतात, बारीक येत नाहीत. स्टोक्सच्या नियमानुसार थेंबाचा वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. तेलाची घनता घनमीटरला 850 किलो, समुद्राच्या पाण्याची 1025 धरली, तर 100 मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा) थेंब तासाला साधारण 3.4 मीटर चढतो. दोन मीटर उंच टाकीत तो तासाच्या आत वर. पण 10 मायक्रॉनचा थेंब तासाला फक्त 3.4 सेंटिमीटर चढतो. त्याच टाकीत त्याला अडीच दिवस लागतील, तेही टाकी अजिबात न हलता, आणि प्लॅटफॉर्मवर सतत काहीतरी थरथरत असतंच.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पाणी एका टाकीतून दुसरीकडे न्यायला जोरात फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंप लावलात, तर 100 मायक्रॉनचे थेंब तुम्हीच फोडून 10 मायक्रॉनचे करता. मग फिल्टर लवकर भरतात म्हणून फिल्टरवाल्याला बोल लावता. डायाफ्राम पंप किंवा स्क्रू पंप हळू चालतो, पण थेंब फोडत नाही. हवेवर चालणारा डायाफ्राम पंप आवाजाने डोकं उठवतो हे मान्य, तरीही तोच लावा.

पाणी दुधासारखं पांढरट झालंय, तेल वेगळंच होत नाही. काय करायचं?

ते इमल्शन आहे, म्हणजे तेलाचे अतिबारीक थेंब पाण्यात अडकून बसले आहेत. बहुतेक वेळा वेसल धुताना वापरलेल्या डीग्रीझरचा हा प्रताप असतो. डीग्रीझरचं कामच तेलाला पाण्यात धरून ठेवणं. वेसल चकाचक होते आणि पाण्याची वाट लागते.

इमल्शन फोडायला डीमल्सिफायर लागतो, पण कोणता आणि किती हे अंदाजाने ठरवू नका. काचेच्या बाटल्यांत तेच पाणी घ्या, वेगवेगळे डोस टाका, हलवा, थांबा, बघा. ही बॉटल टेस्ट तासाभरात होते. डोस जास्त झाला की इमल्शन उलट पक्कं होऊ शकतं, त्यामुळे 'अजून थोडं ओता' हा उपाय नव्हे. पाणी गरम केलं तर मदत होते, कारण गरम तेलाची चिकटाई कमी होते. आम्ल टाकूनही काही इमल्शन फुटतात, पण आम्लाला हात लावण्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

खरा उपाय धुण्याआधीचा आहे. साफसफाईचं रसायन निवडतानाच ते पुढे पाण्यापासून वेगळं होतं का, हे विचारा. साफसफाई एका ठेकेदाराकडे आणि पाण्याची प्रक्रिया दुसऱ्याकडे असली की हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

सगळं घाण पाणी शेवटी घाणच. एकाच टाकीत टाकलं तर काय बिघडतं?

या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

तेलाच्या वेसलमध्ये, विशेषतः समुद्राचं पाणी वर्षानुवर्षं जमिनीखाली सोडलेल्या जुन्या क्षेत्रांत, सल्फेट खाणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे एच-टू-एस हा विषारी वायू, तयार करतात. तो लोखंडाशी मिळून आयर्न सल्फाइडचा काळा गाळ बनतो. हा गाळ पाण्यात गुपचूप बसून असतो. त्याच टाकीत कोणीतरी हीट एक्स्चेंजर धुतलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल ओततं. आता आयर्न सल्फाइड आणि आम्ल मिळून पुन्हा एच-टू-एस तयार होतो, तोही मिनिटांत.

आकड्यात सांगायचं तर 1 किलो आयर्न सल्फाइड पूर्ण विरघळला तर सुमारे 390 ग्रॅम एच-टू-एस निघतो. साधारण तापमानाला तो 270 लिटर भरतो. एवढा वायू 2,700 घनमीटर हवेत 100 पीपीएमची (दहा लाखात 100 भाग) पातळी गाठायला पुरेसा आहे, आणि 100 पीपीएम ही अमेरिकेच्या निओश या संस्थेने जिवाला तत्काळ धोका म्हणून ठरवलेली पातळी आहे. एका बादलीभर काळ्या चिखलात 1 किलो सल्फाइड असणं अशक्य नाही. वर आणखी वाईट म्हणजे 100 पीपीएमच्या पुढे नाक बधिर होतं. सडक्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असं समजणारा माणूस त्याच जागी पडतो.

आम्ल नसलं तरी पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, महत्त्वाचा आहे. पीएच 7 च्या आसपास पाण्यातला जवळपास निम्मा सल्फाइड वायूच्या रूपात असतो, 9 च्या वर गेलं की तो बहुतांश पाण्यातच बांधलेला राहतो. म्हणून सल्फाइडचं पाणी साठवताना पीएच वर ठेवतात किंवा ट्रायझीनसारखं स्कॅव्हेंजर (सल्फाइडला बांधून टाकणारं रसायन) वापरतात. आणि आम्लाच्या टाकीचा होज वेगळा, कपलिंग वेगळं, टाकीवर मोठ्या अक्षरांत पाटी. रंग पुसट झालेली पाटी म्हणजे पाटी नाहीच.

मिसळू नये याचं दुसरं कारण पैशाचं आहे. 5 घनमीटर ग्लायकॉल 200 घनमीटर साध्या तेलकट पाण्यात ओतलं, की पूर्वी सहज साफ झालं असतं ते 200 घनमीटरही आता साफ होत नाही. थोडं खराब पुष्कळ चांगल्यात मिसळून पुष्कळ खराब तयार होतं.

शिफ्ट बदलताना हे सगळं तोंडी सांगितलं जातं, आणि तिथेच धागा तुटतो. 6 जुलै 1988 ला नॉर्थ सीमधल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर 167 माणसं गेली. त्याची सुरुवात दुरुस्तीसाठी काढलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हची माहिती पुढच्या शिफ्टपर्यंत न पोहोचण्यातून झाली. कोणत्या टाकीत काय आहे हे टाकीवर आणि लॉगबुकात, दोन्हीकडे लिहिलेलं असायलाच हवं.

वेसल उघडल्यावर आतला काळा गाळ ओला का ठेवतात?

तोच आयर्न सल्फाइड सुकला आणि हवा लागली की आपोआप तापून पेट घेऊ शकतो. म्हणून पाणी मारत राहायचं, आणि काढलेला गाळही ओल्या अवस्थेतच झाकणाच्या ड्रममध्ये भरायचा. उन्हात उघड्या गोणीत तर अजिबात नाही.

पाणी किती स्वच्छ झालं की समुद्रात सोडता येतं? कोणी 15 सांगतं, कोणी 40.

दोन्ही आकडे खरे आहेत, पण वेगवेगळ्या पाण्यांचे. 15 पीपीएम हा सागरी प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय मारपोल कराराच्या पहिल्या परिशिष्टातला आकडा आहे, जहाजांच्या आणि प्लॅटफॉर्मच्या यंत्रखोलीतून निघणाऱ्या तेलकट पाण्यासाठी. 40 हा आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांतला आहे. ऑफशोअरच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात तेल 95 टक्के वेळा लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आत हवं आणि कधीही 100 च्या वर जाता कामा नये. त्यासाठी दिवसातून आठ-आठ तासांनी तीन नमुने घेऊन सरासरी काढायची.

नॉर्थ सीमध्ये ऑस्पार या सागरी पर्यावरणाच्या कराराखाली प्रोड्यूस्ड वॉटरसाठी महिन्याच्या सरासरीची मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे, पूर्वी ती 40 होती. ब्रिटनमध्ये 2005 च्या नियमांमुळे असं पाणी सोडायला परवानाच लागतो. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेची मर्यादा महिन्याच्या सरासरीला 29 आणि एका दिवसाला 42 आहे.

तुमच्या प्लॅटफॉर्मच्या पर्यावरण मंजुरीत याहून कडक अट असू शकते. ती वाचल्याशिवाय कोणताही आकडा पाठ करू नका. आणि ठेकेदार म्हणून तुमचं लक्ष्य मर्यादेच्या निम्म्यावर ठेवा. 38 वर चालवणाऱ्याला झोप लागत नाही, 15-20 वर चालवणाऱ्याला लागते.

समुद्राचं पाणी मिसळून आकडा खाली आणला तर?

नाही. आपल्या नियमातच 'पातळ न करता' असं स्पष्ट म्हटलं आहे. 100 घनमीटर पाण्यात लिटरला 30 मिलिग्रॅम तेल असेल तर समुद्रात 3 किलो तेल जातं. 400 मिलिग्रॅमच्या पाण्याला दहापट समुद्राचं पाणी मिळवून आकडा 40 च्या खाली आणला, तरी जातं 40 किलोच.

नमुना घेताना काय चुकतं?

जवळजवळ सगळं चुकू शकतं. प्लॅस्टिकची बाटली घेतली तर तेल तिच्या भिंतींना चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून काचेची. काठोकाठ भरून वरचं ओतून द्यायचं नाही, कारण वर येतं ते तेलच. एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही. टाकीच्या वरच्या थरातून घेतलेला नमुना तेल दाखवतो, तळातून घेतलेला गाळ. वाहत्या पाइपमधून, नळ थोडा वेळ सोडून, मग घ्यायचा. किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर आम्ल टाकून पीएच 2 च्या खाली आणायचा, म्हणजे जिवाणू तेल खाणार नाहीत. सल्फाइडचा नमुना वेगळ्या बाटलीत आणि त्यात आम्ल नाही, कारण तुम्ही आता ओळखलंच असेल.

मोजण्याच्या पद्धतीचंही भान हवं. इन्फ्रारेडवरचा आकडा आणि गॅस क्रोमॅटोग्राफीवरचा आकडा एकाच बाटलीसाठी वेगळे येतात, कारण दोन्ही पद्धती 'तेल' म्हणून वेगवेगळी रसायनं मोजतात. प्लॅटफॉर्मवरचं छोटं यंत्र दर तासाला दिशा दाखवायला उत्तम. अहवालात जो आकडा जाणार, तो ठरलेल्या पद्धतीचाच हवा.

या यंत्रांनी काय निघत नाही?

ग्लायकॉल, मेथनॉल, क्षार, विरघळलेली आम्लं. ही पाण्यात पूर्ण मिसळलेली असतात, थेंब म्हणून नसतात, त्यामुळे फिल्टरला ती दिसतच नाहीत. कार्बनही मेथनॉल-ग्लायकॉलला फारसा धरत नाही. फिल्टरमधून काचेसारखं स्वच्छ पाणी बाहेर आलं म्हणून ते निर्धोक झालं असं नाही. हायड्रोटेस्टच्या पाण्यातली जंतुनाशकंही बऱ्याचदा अशीच निसटतात. तिथे आधी रसायनाचं माहितीपत्रक वाचायचं आणि शंका असेल तर टाकी भरून किनाऱ्यावर न्यायची. काही कंडेन्सेटमध्ये (गॅसबरोबर येणाऱ्या हलक्या तेलात) पारा सापडतो. तो असण्याची शक्यता असेल तर युनिट लावण्याआधीच चाचणी करा, नंतर सगळा फिल्टरच घातक कचरा झालेला असतो.

गाळात किरणोत्सर्ग असतो हे खरं आहे का?

काही वेळा असतो. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेलं रेडियम, बेरियम सल्फेटच्या क्षारात अडकतं. जमिनीखालच्या पाण्यातलं बेरियम आणि समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट भेटलं की हा पांढरट, दगडासारखा थर पाइपात बसतो. पातळी बहुतेक कमी असते, पण धोका धुळीचा आहे. कोरडा क्षार खरवडताना ती धूळ श्वासातून जाऊ शकते. म्हणून वेसल उघडताच मीटरने तपासायचं आणि क्षार ओला ठेवूनच काढायचा. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पाणी गाळताना हा क्षार तुमच्या फिल्टरमध्ये जमा होतो. पाण्यात नगण्य असलेला किरणोत्सर्ग कार्ट्रिजवर मात्र मोजण्याइतका होऊ शकतो. भारतात हा विषय अणुऊर्जा नियामक मंडळाकडे येतो, आणि असा ड्रम इतर गाळात मिसळायचा नाही.

उरलेला गाळ आणि फिल्टर शेवटी जातात कुठे?

वेगळं केलेलं तेल शक्यतो उत्पादनाच्या ओळीत परत. तेलकट गाळ 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत येतो, तेव्हा तो सप्लाय बोटीने किनाऱ्यावर आणि तिथून परवानगी असलेल्या प्रक्रिया केंद्रात. आपल्याकडे तळोजा एमआयडीसीत असं सामायिक केंद्र आहे. वाटेत फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) बरोबर असावा लागतो, आणि साठवण 90 दिवसांपलीकडे चालत नाही. ड्रमवर 'मिक्स वेस्ट' लिहून पाठवलं तर ते केंद्र चाचणीशिवाय घेणार नाही आणि ड्रम यार्डात पडून राहतील.

सगळं स्लॉप (तेलकट घाण पाणी) उरणला तेल नेणाऱ्या पाइपलाइनमध्ये ढकलून द्यायचं, मग उरणवाले बघतील. का नाही?

थोडं थोडं, ठरवून, उत्पादन चालू झाल्यावर हे करतात आणि त्यात गैर काही नाही. पण शटडाऊनमध्ये ती लाइनच बहुधा थांबलेली असते. आणि सुरुवातीच्या दिवसांत, जेव्हा सेपरेटर अजून स्थिरावलेले नसतात, तेव्हा साबणाचं इमल्शन एकदम ढकललं की ते पुढे जाऊन तेलातलं पाणी वेगळं होऊ देत नाही. घाण 160 किलोमीटर पुढे जाते, नाहीशी होत नाही. जमिनीखाली सोडण्याचंही तसंच. इंजेक्शन पंप बंद असतात, आणि बारीक गाळाने विहिरीचं तोंड बुजलं तर ती विहीर दुरुस्त करण्याचा खर्च फिल्टरच्या कित्येक पट येतो.

तयारी किती आधी करायची?

शटडाऊनची कामांची यादी गोठवली जाते त्याआधी, नंतर नव्हे. डेकवर जागा कुठे, त्या जागेची भार पेलण्याची क्षमता किती (पाण्याने भरलेली टाकी म्हणजे घनमीटरला एक टन), स्फोटाच्या धोक्याप्रमाणे तिथला झोन कोणता, त्या झोनला चालणारं स्फोटरोधक उपकरण आहे का, वीज मिळणार की दाबाच्या हवेवर भागवायचं, क्रेनचा पल्ला पोहोचतो का, कंटेनरचं लिफ्टिंग सर्टिफिकेट चालू आहे का. यातली एक गोष्ट चुकली तरी युनिट बोटीवरच बसून राहतं आणि भाडं चालू.

जमलं तर मागच्या शटडाऊनचा लॉग मिळवा. वेसलच्या तळातला गाळ दर वेळी साधारण सारखाच असतो. बहुतेक ठिकाणी तो लॉग कोणीतरी नीट ठेवलेला असतो आणि कोणीही मागितलेला नसतो.

पावसाळ्यात हे काम होतं का?

जून ते सप्टेंबरमध्ये मोठं शटडाऊन कोणी ठेवत नाही. बोट प्लॅटफॉर्मला लागत नाही, क्रेन थांबते, टाक्या भरतात आणि खाली उतरवता येत नाहीत. म्हणून सगळी गर्दी उघाडीच्या महिन्यांत. शेवटी मे महिन्यात काम ओढत नेण्याचा मोह होतो. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळात कामगारांच्या राहण्याची पी-305 बार्ज बुडाली, ते आठवत असेल तर हा मोह आवरतो. प्रक्रिया अर्धवट राहिली तर पाणी टाकीत बंद करा, टाक्या बांधून घ्या, माणसं खाली उतरवा.

या पाण्यामुळे मासे मरतात का? किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे याचेच का?

मर्यादेत साफ केलेलं पाणी 75 मीटर खोल, सतत हलत्या समुद्रात सोडल्यावर पटकन विरतं. पण 'पटकन विरतं' हे न साफ करण्याचं कारण होऊ शकत नाही. बेंझीनसारखी रसायनं आणि जंतुनाशकं माशांच्या पिलांना थोड्या प्रमाणातही त्रास देतात.

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या टारबॉलबद्दल कोळी बांधव रागावतात ते रास्त आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांतल्या तेलाचे 'ठसे' तपासले आहेत. काही वेळचे गोळे टँकर धुताना सोडलेल्या तेलाशी जुळले, तर काही वेळचे मुंबई हायच्या कच्च्या तेलाशी. म्हणजे सगळा दोष टँकरवर ढकलायला आपल्याला जागा नाही. अर्थात 30 मिलिग्रॅमच्या पाण्यातून टारबॉल होत नाही, त्याला जाड तेल लागतं. ते येतं गळतीतून, ओसंडलेल्या टाकीतून, उघड्या ड्रेनमधून.

रात्रपाळीत आकडा एकदम वर गेला तर कोणाला उठवायचं?

आधी व्हॉल्व्ह फिरवा, मग माणूस उठवा. बाहेर जाणारं पाणी पुन्हा पहिल्या टाकीत वळवणारी लाइन प्रत्येक युनिटला हवी, आणि ती सुरुवातीलाच चालवून बघितलेली हवी. पाणी आत वळलं की घाई संपते. नंतर दुसरा नमुना घ्या, कारण एखाद वेळी बाटलीच तेलकट असते. दुसराही वर असेल तर फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब बघा. फरक अचानक कमी झाला असेल तर कार्ट्रिज फाटलंय किंवा नीट बसलेलं नाही. फरक वाढला असेल तर ते भरलंय. दाब ठीक असेल तर आत येणारं पाणी बदललंय, आणि मग जेटिंगच्या सुपरवायझरला विचारा की आज वेसलमध्ये काय ओतलंत. तोवर इन्स्टॉलेशन मॅनेजरला कळवलेलं असावं, वेळेसह लॉगमध्ये नोंद असावी, आणि पहाटेच्या शिफ्टला ती नोंद दाखवून सही घेतलेली असावी.